टूथपेस्टमधलं फ्लोराइड: किती पोटात गेलं तर विष?

प्रश्न थोडक्यात असा: अडीच वर्षांची मुलगी, वजन १२ किलो. दात घासताना पेस्ट गिळते, आणि परवा तर ट्यूबच चोखताना सापडली. घरात सगळ्यांना मिळून एकच नेहमीची फ्लोराइडवाली पेस्ट आहे. फ्लोराइड म्हणजे विष, असं व्हॉट्सअॅपवर फिरतंय. धोका नेमका किती, आणि पेस्ट बदलावी का?

फ्लोराइड विषारी आहे ही गोष्ट खरीच आहे. सोडियम फ्लोराइड एके काळी झुरळं मारायला वापरत. १९४२ साली अमेरिकेत ऑरेगनमधल्या सेलम इथल्या सरकारी मनोरुग्णालयात ही पावडर दुधाची पावडर समजून अंड्यांमध्ये घातली गेली आणि ४७ रुग्ण दगावले. तोच सोडियम फ्लोराइड अनेक टूथपेस्टमध्येही असतो. व्हॉट्सअॅपचा मेसेज इथवर येऊन थांबतो. पुढचं गणित तो करत नाही, आणि सगळा प्रश्न त्या गणिताचाच आहे. त्याला दोनच आकडे लागतात: मुलीचं वजन आणि पोटात गेलेली पेस्ट.

आधी ट्यूब वाचा. पीपीएम म्हणजे दहा लाख भागांत किती भाग. १००० पीपीएम लिहिलं असेल तर एका ग्रॅम पेस्टमध्ये १ मिलिग्रॅम फ्लोराइड. ५०० पीपीएम असेल तर अर्धा मिलिग्रॅम. भारतात दुकानात सहज मिळणाऱ्या नेहमीच्या टूथपेस्टमध्ये १००० पीपीएमपेक्षा जास्त फ्लोराइड घालायला कायद्याने मनाई आहे, आणि फ्लोराइडच्या पेस्टवर हा आकडा व वापराची अंतिम तारीख ट्यूब आणि खोका दोन्हींवर छापणं बंधनकारक आहे. मुलांसाठीच्या पेस्ट बहुधा ५०० च्या आसपास असतात. लंडन किंवा जर्मनीतल्या नातेवाइकांनी आणलेली ट्यूब असेल तर आकडा पुन्हा बघा, कारण युरोपात १५०० पीपीएमपर्यंत परवानगी आहे आणि १४५० ची पेस्ट तिथे अगदी नेहमीची.

इथे एक चूक हमखास होते. घटकांच्या यादीत ‘सोडियम मोनोफ्लोरोफॉस्फेट ०.७६ टक्के’ असं दिसतं आणि लोक ०.७६ टक्के म्हणजे ७६०० पीपीएम फ्लोराइड धरतात. तो आकडा अख्ख्या क्षाराचा आहे. त्यात फ्लोराइड वजनाने साधारण १३ टक्केच, म्हणजे हिशेब पुन्हा १००० पीपीएमवरच येतो. सोडियम फ्लोराइडमध्ये फ्लोराइडचा वाटा ४५ टक्के, म्हणून ते ०.२२ टक्के घातलं तरी तेवढंच भरतं. आपल्याकडच्या पांढऱ्या, खडूच्या पेस्टमध्ये मोनोफ्लोरोफॉस्फेट असतं, कारण खडू म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट, आणि सोडियम फ्लोराइड त्यातल्या कॅल्शियमला चिकटून निकामी होतं. मोनोफ्लोरोफॉस्फेटही उन्हाळ्यात, महिनोन्‌महिने पडून राहिलं की हळूहळू फुटतं आणि सुटलेलं फ्लोराइड खडू धरून ठेवतो. तारीख उलटलेली पेस्ट त्यामुळे जास्त विषारी होत नाही, तिचा दातांना उपयोग तेवढा कमी होतो.

आता एका झटक्यात पोटात गेलेल्या पेस्टबद्दल. विषबाधेच्या उपचारात जी सीमा धरतात ती शरीराच्या दर किलोला ५ मिलिग्रॅम फ्लोराइड. इथपासून पुढे गंभीर त्रास होऊ शकतो असं गृहीत धरून लगेच दवाखाना गाठायचा. नक्की जिवावर बेतणारी मात्रा प्रौढांमध्ये दर किलोला ३२ ते ६४ मिलिग्रॅम मानली जाते, पण लहान मुलांच्या बाबतीत त्या आकड्याच्या भरवशावर थांबायचं नसतं. तुमच्या मुलीसाठी १२ गुणिले ५, म्हणजे ६० मिलिग्रॅम. १००० पीपीएमच्या पेस्टचे ६० ग्रॅम. ५०० च्या पेस्टचे १२० ग्रॅम. प्रवासातली २० ग्रॅमची छोटी ट्यूब तिने पूर्ण संपवली तरी दर किलोला पावणेदोन मिलिग्रॅमच्या आत राहते. पोट दुखेल, ओकारी होईल, पण सीमेच्या बरीच अलीकडे. २०० ग्रॅमची भरलेली फॅमिली ट्यूब मात्र वेगळी गोष्ट आहे: तिच्यात २०० मिलिग्रॅम फ्लोराइड असतं, म्हणजे या मुलीच्या सीमेच्या तिपटीहून जास्त. साठ किलोच्या मोठ्या माणसाला तीच सीमा गाठायला ३०० ग्रॅम पेस्ट खावी लागेल, आणि तितकी कुणी खात नाही.

किती खाल्ली हे डोळ्यांनी सांगता येत नाही. ट्यूब दाबलेली दिसली की आयांना ती अर्धी रिकामी वाटते. स्वयंपाकघरातला वजनकाटा काढा. ट्यूबवर आतल्या मालाचं वजन छापलेलं असतं. त्याच मापाची नवी किंवा संपलेली ट्यूब घरात असेल तर तिच्याशी तुलना करून किती कमी झालं ते काढा, आणि रोजच्या वापरात गेलेलं अंदाजाने वजा करा. काटा नसेल तर चहाच्या चमच्याने मोजा. पेस्ट पाण्यापेक्षा जड असते, सपाट चमचाभर पेस्ट साधारण साडेसहा ग्रॅम भरते. आणि फ्रॉकला, जमिनीला, केसांना लागलेली पेस्ट पोटात गेलेली नसते हे विसरू नका, बऱ्याचदा अर्धी तिथेच असते.

पोटात गेल्यावर काय होतं ते कळलं की प्रथमोपचार आपोआप समजतात. जठरातल्या आम्लात फ्लोराइडचं हायड्रोफ्लोरिक आम्ल बनतं. ते पेशींच्या पडद्यातून सहज आरपार जातं, म्हणून पहिली लक्षणं पोटाची: मळमळ, उलटी, लाळ गळणं, पोटात कळा. रक्तातली पातळी अर्ध्या ते एका तासात सर्वांत वर जाते. मात्रा मोठी असेल तर फ्लोराइड रक्तातलं कॅल्शियम ओढून घेतं. मग स्नायू फडफडतात, हातापायांना पेटके येतात आणि हृदयाची लय बिघडते. मृत्यू होतो तो बहुधा हृदयामुळे. मोनोफ्लोरोफॉस्फेटमधून फ्लोराइड आधी सुटं व्हावं लागतं, त्यामुळे तिथे थोडा उशीर लागू शकतो, पण मोजताना दोन्हींचे मिलिग्रॅम सारखेच धरायचे.

म्हणून ट्यूब चोखताना सापडली तर तोंडातली पेस्ट ओल्या कपड्याने पुसून काढा आणि कपभर दूध पाजा. दुधातलं कॅल्शियम फ्लोराइडला धरून न विरघळणारं कॅल्शियम फ्लोराइड करतं. कागदावर बघायला गेलं तर ६० मिलिग्रॅम फ्लोराइड बांधायला ६३ मिलिग्रॅम कॅल्शियम पुरतं, आणि १५० मिलिलिटर दुधात त्याच्या दुपटीहून जास्त असतं. जठरातल्या आम्लात सगळंच काही बांधलं जात नाही, तरी शोषण नक्की मंदावतं. दूध नको म्हणत असेल तर दही किंवा ताक चालेल. मूल सारखं ओकत असेल किंवा गुंगीत असेल तर मात्र तोंडाने काहीही घालू नका.

उलटी मुद्दाम करवू नका. घशात बोटं घालणं वाईटच, आणि आपल्याकडचं मिठाचं पाणी तर त्याहून वाईट: अडीच वर्षांच्या मुलाला दोन-चार चमचे मीठ पाजलं तर रक्तातलं सोडियम इतकं चढू शकतं, की टूथपेस्ट राहिली बाजूला आणि मिठाचीच विषबाधा निस्तरावी लागते. दवाखान्यात विषबाधा म्हटलं की काळा कोळसा पाजतात असा समज आहे. तो फ्लोराइडला फारसा धरतच नाही, तेव्हा ‘कोळसा का दिला नाही’ म्हणून डॉक्टरांशी वाद घालू नका.

हिशेब सीमेच्या खाली आला, मूल खेळतंय, एखादी उलटी झाली एवढंच, तर घरी काही तास लक्ष ठेवणं पुरेसं असतं. दुसऱ्या दिवशी पातळ शी झाली तर घाबरू नका. पेस्टमध्ये सॉर्बिटॉल भरपूर असतं, त्याने पोट सुटतं. फेसासाठी घातलेला सोडियम लॉरिल सल्फेटही पोटाला झोंबतो. थोडी पेस्ट खाल्ल्यावर होणाऱ्या उलटीजुलाबात या दोघांचा हात पुष्कळदा असतो आणि नाव फ्लोराइडचं होतं.

सीमा ओलांडली, किती खाल्लं ते कळतच नाही, उलट्या थांबत नाहीत, उलटीत रक्त दिसतंय, मूल मलूल झालंय किंवा बोटं वाकडी होऊन पेटके येताहेत, यातलं काहीही असलं तर दूध पाजण्यात वेळ न घालवता निघा. गाडी नसेल तर १०८. ट्यूब सोबत न्या, खोका असेल तर तोही. डॉक्टरांना तीन गोष्टी सांगा: पीपीएम, साधारण किती ग्रॅम, किती वाजता. मोठं रुग्णालयच बघा, कारण तिथे ईसीजी काढता आला पाहिजे, रक्तातलं कॅल्शियम आणि पोटॅशियम तपासता आलं पाहिजे, आणि शिरेतून कॅल्शियम ग्लुकोनेट देण्याची सोय पाहिजे. लक्षणं नसली तरी काही तास ठेवून घेतात, ते योग्यच आहे. गावातल्या डॉक्टरांना सल्ला हवा असेल तर दिल्लीच्या एम्समध्ये राष्ट्रीय विषबाधा माहिती केंद्र चोवीस तास चालतं.

इतकं सगळं वाचून ट्यूब फेकून द्यावीशी वाटली असेल, तर थांबा. ट्यूब खाण्याचा प्रसंग विरळा. तुमच्या प्रश्नातला जास्त महत्त्वाचा भाग दुसराच आहे: ती रोज घासताना गिळते.

कायमचे दात हिरडीच्या आत आठव्या वर्षापर्यंत घडत असतात. त्या काळात रोज जास्त फ्लोराइड पोटात गेलं तर दातावरचं कवच नीट पक्कं होत नाही आणि पुढे काही वर्षांनी ते दात बाहेर येतात तेव्हा त्यांवर चुन्यासारखे पांढरे ठिपके किंवा रेषा दिसतात. याला दंत फ्लोरोसिस म्हणतात. वरचे पुढचे दोन दात, जे हसताना सगळ्यांना दिसतात, त्यांच्यासाठी सर्वांत नाजूक काळ साधारण सव्वा ते अडीच वर्षांचा. पेस्टमुळे होतो तो प्रकार बहुधा सौम्य असतो, दात कमजोर होत नाहीत, फक्त दिसायला डाग. तपकिरी, खड्डे पडलेले दात जिथे गावभर दिसतात तिथे कारण पाण्यात असतं.

या रोजच्या मात्रेची वरची मर्यादा आठ वर्षांपर्यंतच्या मुलांना दर किलोला ०.१ मिलिग्रॅम, म्हणजे तुमच्या मुलीला दिवसाला १.२ मिलिग्रॅम. जाहिरातीत दाखवतात तशी ब्रशभर लाट १ ते १.५ ग्रॅम भरते. या वयाच्या मुलांना थुंकणं जमत नाही, निम्मी पेस्ट आत जाते असं धरा. दोन वेळा घासलं तर दिवसाचा १ मिलिग्रॅम किंवा त्याहून जास्त फ्लोराइड नुसत्या पेस्टमधून गेलं. त्यात लिटरला १ मिलिग्रॅम फ्लोराइड असलेलं लिटरभर पाणी प्यायली की मर्यादा ओलांडली. आता तीच पेस्ट तांदळाच्या दाण्याएवढी घ्या. ती ०.१ ग्रॅम. दोन्ही वेळा सगळीच्या सगळी गिळली तरी ०.२ मिलिग्रॅम. पेस्ट तीच, पीपीएम तेच, मात्रा कुठल्या कुठे खाली आली.

तांदळाचा दाणा म्हणजे खरंच दाणा, कोलमचा असो की बासमतीचा. ब्रशच्या केसांवर नुसती छटा दिसली पाहिजे. तिसरं वर्ष पूर्ण झाल्यावर, थुंकायला येऊ लागलं की वाटाण्याएवढी, साधारण पाव ग्रॅम. ती ब्रशच्या टोकावर गोळी म्हणून ठेवू नका, मूल घासण्याआधीच चाटून टाकतं. बोटाने दाबून केसांच्या आत बसवा. ट्यूब तुमच्या हातात राहू द्या आणि वापरून झाली की मुलीचा हात पोचणार नाही अशा फळीवर. स्ट्रॉबेरी, बबलगमच्या चवीच्या पेस्ट मुलांना घासायला लावतात हे खरं, पण खाऊ वाटायलाही त्याच लावतात. चोखायची सवय असलेल्या मुलासाठी साध्या चवीची बरी.

आणखी दोन सवयी बदलून बघा. पहिली चूळ भरण्याची. अडीच वर्षांच्या मुलाला पेला दिला की ते चूळ भरत नाही, फेसासकट पाणी पितं. त्यापेक्षा डोकं पुढे झुकवून फेस गळू द्या आणि उरलेला मऊ ओल्या फडक्याने टिपून घ्या. थुंकायचा सराव आंघोळीच्या वेळी साध्या पाण्याने करून घ्यावा, तो खेळ मुलांना आवडतो. दुसरी सवय उठल्या उठल्या तोंड धुण्याची. उपाशी पोटी गिळलेलं फ्लोराइड जवळजवळ सगळं शोषलं जातं, दूध किंवा नाश्ता पोटात असेल तर कमी. गिळणारं मूल असेल तोवर सकाळचं घासणं नाश्त्यानंतर ठेवलं तर आजीची थोडी नाराजी पत्करावी लागेल, पण बिघडत काही नाही. रात्रीचं तर जेवणानंतरच असतं.

फ्लोराइड नसलेली पेस्ट आणावी का? विषाचा प्रश्न तिने मिटतो आणि किडीचा सुरू होतो. फ्लोराइड काम करतं ते दाताच्या पृष्ठभागावर: आम्लाने विरघळायला लागलेलं कवच पुन्हा भरून काढायला मदत करतं. तेवढ्यासाठी तांदळाएवढी पेस्ट पुरते, पोटात जाण्याची गरजच नसते. रात्री दुधाची बाटली तोंडात घेऊन झोपणाऱ्या मुलाच्या दुधाच्या दातांना कीड फार झपाट्याने लागते, तिथे फ्लोराइड काढून टाकणं मला पटत नाही. पर्याय म्हणून कोळसा, मीठ, राखुंडी पुढे येते, त्याने कवच घासून जातं. आणि घरात मशेरी लावणारी मंडळी असतील तर ती मुलीच्या आसपासही नको. मशेरी म्हणजे भाजलेली तंबाखू. फ्लोराइडला घाबरून तंबाखूकडे जाण्यासारखा उफराटा सौदा नाही.

फ्लोराइड नसलेली पेस्ट खरोखर शोभते ती एका ठिकाणी: जिथे पाण्यातच फ्लोराइड जास्त आहे आणि मूल लहान आहे, तिथे दंतवैद्याला विचारून. आपल्याकडे यवतमाळ, चंद्रपूर, नांदेड जिल्ह्यांतल्या काही गावांत बोअरवेलचं पाणी असं आहे. पिण्याच्या पाण्यात लिटरला १ मिलिग्रॅमपर्यंत फ्लोराइड ठीक, दुसरा स्रोत नसेल तर १.५ पर्यंत, असं भारतीय मानक सांगतं. लिटरला ३ मिलिग्रॅम असलेलं पाणी लिटरभर प्यायलं तर तांदळाएवढ्या पेस्टच्या पंधरा दिवसांचा कोटा एका दिवसात पोटात जातो. हाडं आणि सांधे आखडणारा फ्लोरोसिस अशा पाण्याने, वर्षानुवर्षांत होतो. थुंकलेल्या पेस्टने तो होत नाही. बोअरचं पाणी पीत असाल तर ते भूजल सर्वेक्षण यंत्रणेच्या किंवा जिल्ह्याच्या पाणी प्रयोगशाळेत तपासून घ्या आणि अहवालात फ्लोराइडचा आकडा वेगळा मागा. उकळून उपयोग नाही, वाफ गेल्यावर फ्लोराइड उलट दाट होतं. यूव्हीचा दिवा किंवा कापडाची गाळणी त्याला हात लावत नाही. आरओने निघतं. तुरटी आणि चुन्याने पाण्यातलं फ्लोराइड काढण्याची नलगोंडा पद्धत नागपूरच्या नीरी या पर्यावरण संशोधन संस्थेनेच बसवली, पण तिच्यात मात्रा पाण्याच्या तपासणीनुसार ठरते, घरी अंदाजाने तुरटी फिरवून ते जमत नाही.

बुद्ध्यांक कमी होतो ही भीतीही त्याच मेसेजमध्ये असते. अमेरिकेच्या राष्ट्रीय विषशास्त्र कार्यक्रमाने २०२४ च्या अहवालात असा संबंध मध्यम खात्रीने मांडला, तो लिटरला १.५ मिलिग्रॅमहून जास्त फ्लोराइडच्या पाण्याइतकी मात्रा शरीरात जाणाऱ्यांबाबत. गिळलेली पेस्ट एकूण बेरजेत धरायची, हे बरोबर. म्हणूनच ब्रशवरची लाट बंद करायची.

ट्यूबच्या शेपटाशी असलेल्या हिरव्या, काळ्या, लाल चौकोनावरून पेस्टमध्ये काय आहे ते कळतं, असंही लोक सांगतात; पण त्याचा फ्लोराइडशी किंवा रसायनांशी काहीही संबंध नाही. तो कारखान्यातल्या यंत्राला ट्यूब कुठे कापायची ते दाखवतो.

घरात याहून तीव्र काही आहे का, तेवढं मात्र आजच बघा. आजी-आजोबांना दातांची मुळं उघडी पडली म्हणून दंतवैद्याने ५००० पीपीएमची पेस्ट लिहून दिलेली असते, ताईला दातांना तारा बसवल्यावर फ्लोराइडचं माउथवॉश. माउथवॉश साधारण २२५ ते ९०० पीपीएमचं असतं, पण ते पातळ आणि गोड असल्याने घोटाघोटाने जातं. ५००० ची पेस्ट म्हणजे ग्रॅमला ५ मिलिग्रॅम. तुमच्या मुलीची ६० मिलिग्रॅमची सीमा तिच्या १२ ग्रॅममध्ये येते, जेमतेम दोन चमचे. ती ट्यूब बेसिनवरच्या पेल्यात ठेवायची नाही. औषधांच्या कपाटात, कुलपात.